आत दहा, बाहेर आठ

३ फेब्रुवारी

ती. बाबा,

नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर बघून चकित झाला असाल. दोन वर्षांनी पत्र लिहितेय आणि तेही कामासाठी. फोनच केला असता, पण छत्तीस वर्षं लेथ मशीनच्या आवाजात काढलेले तुमचे कान फोनवर नुसतं 'हो, हो' म्हणतात आणि भलतंच ऐकतात, हे विसरलेले नाही. शिवाय घरात फोन कोण उचलेल याची धास्ती होती. घटस्फोट झाल्यावर सासरी फोन करून काय बोलायचं असतं, हे मला कोणी शिकवलेलं नाही. म्हणून वाचनालयाच्या पत्त्यावर लिहितेय. रोज दहाला तिथे जाणं अजून चालू आहे ना?

दुखणं मोटारसायकलचं आहे. तुम्हीच उभी करून दिलेली तीच गाडी. सायलेन्सर इंजिनाला जिथे जोडलेला असतो तिथले दोन स्टड तुम्ही मला दाखवले होते. बिनडोक्याचे बोल्ट म्हणायचात त्यांना. अर्धे इंजिनात रुतलेले, अर्धे बाहेर आणि त्यावर नट. गेल्या मंगळवारी तिथून फटफट आवाज यायला लागला, म्हणून नट जरा आवळायला घेतला, तर तो पुढच्या तुकड्यासकट हातात आला. गंजला असणार. आता पेराएवढा बुंधा बाहेर उरलाय. कोपऱ्यावरचा मेकॅनिक म्हणतो, इंजिनाचं अख्खं हेड बदला.

माझं काम तेच आहे. विहिरींचे नि टाक्यांचे पाण्याचे नमुने गोळा करायचे आणि बर्फाच्या डब्यातून सहा तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवायचे. माझ्याकडच्या अठरा ठिकाणांपैकी सहा ठिकाणी बस जातच नाही. गाडी दुरुस्त करायला साहेबांनी तीन आठवडे दिलेत. काय करू?

तुमची,
पाणीवाली


८ फेब्रुवारी

चि. पाणीवालीस अनेक आशीर्वाद.

चकित वगैरे झालो नाही. तुझं पत्र मिळालं तेव्हा मी वर्तमानपत्र उलटं धरलं होतं असं वाचनालयातले गृहस्थ सगळ्यांना सांगत सुटलेत. लक्ष देऊ नकोस.

हेड बदलायचं नाही. त्या मेकॅनिकचं डोकं दुखलं की तो डोकंच बदलत असेल.

बुंध्याच्या मुळाशी रोज दोन वेळा डिझेलचे थेंब सोड. चार दिवस. तोवर पाना हातात घ्यायचा नाही. पाचव्या दिवशी पाच मिनिटं इंजिन चालव, फटफटलं तर फटफटू दे, गरम होऊ दे. मग बुंध्यावर दोन बारीक नट चढव, एकमेकांवर घट्ट आवळ आणि आतल्या नटाला पाना लावून उलटं फिरव. एकदम जोर नको. केसभर मागे, केसभर पुढे. पोलादाचा स्टड आणि अॅल्युमिनियमचं हेड, दोघं वर्षानुवर्षं एकत्र तापलेले असतात. हिसडा मारून सुटत नाहीत.

तुटलेला तुकडा फेकला नसशील तर पाठव. बघायचाय.

घरी सगळे ठीक. तुझं पत्र आल्याचं घरी बोललो नाही.

बाबा


१७ फेब्रुवारी

ती. बाबा,

नमस्कार. वाईट बातमी आधी सांगते. बुंधा अगदी मुळाशी तुटला. आता धरायला काहीच नाही.

तुम्ही सांगितलं तसंच केलं, फक्त चार दिवसांचे तीन केले. शनिवारी सुट्टी होती म्हणून. गाडी जिन्याखाली उभी असते. घरमालकीण रोज जाता-येता नाकाला पदर लावून विचारते, 'अजून किती दिवस हा वास?' शनिवारी इंजिन तापवलं, दोन नट चढवले, आणि बाबा, तो हलला! खरंच हलला, केसभर. मला इतका आनंद झाला की पुढे-मागे करायचं विसरूनच गेले. मागे, मागे, मागे, आणि कट्.

सध्या बसने फिरतेय. बर्फाचा डबा मांडीवर. काल एक आजोबा म्हणाले, 'बाई, मासे कसे दिलेत?' बाटल्या दाखवल्या तर म्हणाले, 'नुसतं पाणी? आणि बर्फात?' सगळी बस हसली. मीही हसले. पण त्या सहा ठिकाणी दोन आठवडे कोणी गेलेलं नाही, हे काही हसण्यासारखं नाही.

तुकडा पुठ्ठ्यावर चिकटवून पाठवतेय. गंजलेलाच आहे.

आणि 'घरी सगळे ठीक' म्हणजे काय हो? केसाच्या जाडीवरून साहेबांशी भांडणारा माणूस घरच्यांबद्दल एवढं ढोबळ लिहितो?

तुमची,
पाणीवाली


२२ फेब्रुवारी

चि. पाणीवालीस आशीर्वाद.

तुकडा दोन दिवस खिशात घेऊन फिरलो. उन्हात धरून बघितला. वाचनालयातल्या गृहस्थांनाही दाखवला, म्हटलं आपल्याला नीट दिसतंय ना याची खात्री करून घ्यावी.

गंजून तुटलेल्या लोखंडाचं तोंड आतपर्यंत तपकिरी असतं. याला गंज फक्त कडेला आहे. मधला भाग लख्ख आहे, आणि पिळलेला. म्हणजे स्टड अजून पाच वर्षं सहज टिकला असता. तो कोणीतरी पिळून तोडलाय. मनगटाच्या जोराने आवळायचा नट आहे तो. पान्यावर अख्खं अंग टाकल्याशिवाय असं होत नाही. माझ्या हाताखाली अशी कामं करणारे पुष्कळ होते, तू त्यातली नव्हेस. त्या दिवशी राग कोणावर होता ते मी विचारत नाही.

विचारतोच आहे, पण सांगायची सक्ती नाही.

आता चांगला वेल्डर शोध. मुळावर नट ठेवून त्याच्या भोकातून वेल्डिंग करायचं, नट आणि बुंधा एकजीव होतात, मग पान्याने सुटतं. अॅल्युमिनियमला वेल्डिंग धरत नाही, म्हणून हेडची काळजी नको.

एक गोष्ट मात्र करायची नाही. तो मेकॅनिक भोक पाडून त्यात 'ईझी आउट' घालू म्हणेल. उलट्या आट्यांचं हत्यार असतं ते. भोकात जितकं फिरवू तितकं घट्ट धरतं आणि बुंध्याला बाहेर काढतं, असं म्हणतात. पण काचेसारखं कडक असतं. आत तुटलं तर त्याच्यावर ड्रिल नुसतं नाचतं.

पुढचे काही दिवस मी जरा कामात आहे. उत्तराला उशीर झाला तर घाबरू नकोस.

बाबा


१ मार्च

ती. बाबा,

ईझी आउट आत तुटलं.

मेकॅनिकने नाही, मीच तोडलं. वेल्डर त्याच्या बहिणीकडे गेला होता, चार दिवसांनी येणार होता. साहेबांची मुदत शुक्रवारी संपत होती. मेकॅनिककडून हत्यार मागून आणलं, भोक पाडलं, सरळ पडलं म्हणून स्वतःवर खूशही झाले. आता भोकात ते चकचकीत काळं टोक दिसतं. शुक्रवारी साहेबांनी मला फिरतीवरून काढून प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला बसवलं. ओरडले नाहीत. 'गाडी झाली की सांगा,' एवढंच म्हणाले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

तुकड्याने तुम्हाला सगळं सांगितलंय, तर उरलेलं मी सांगते. त्या मंगळवारी पेट्रोल पंपावर तुमच्या मुलाचा मित्र भेटला. बोलता बोलता म्हणाला, 'मे महिन्यात लग्न आहे ना त्याचं, कळलं असेलच.' म्हटलं, 'हो, कळलंय.' हसून म्हटलं. घरी आले, तो सैल नट दिसला, पाना घेतला. जोर वाढावा म्हणून पान्याला नळी जोडली.

तो मला परत हवाय असं समजू नका. आमचं जमत नव्हतं, दोघांनाही ते माहीत होतं, त्याला कोणी चांगली मिळाली असेल तर मला बरंच वाटेल. लागलं ते दुसरंच. सात वर्षं मी त्या घरात राहिले. कुठला कप कोणाचा, कोणाला कुठलं औषध, सगळं मला पाठ. आणि त्या घरात लग्न आहे हे मला पेट्रोल पंपावर कळावं? तुम्ही तर 'सगळे ठीक' म्हणून मोकळे झालात.

आईंना यातलं काही सांगू नका. मी निघाले त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे पाठ केली ती केलीच. 'येते' म्हटलं तरी वळल्या नाहीत. त्यांच्या मनात माझ्याबद्दल अजून वाईट यायला नको.

गाडीचं आता काय होईल? नसेल होत तर तसं स्पष्ट सांगा.

पाणीवाली


९ मार्च

मायना काय घालावा सुचेना, म्हणून तशीच सुरुवात करते. अक्षर ओळखशील. दुधाच्या पातेल्यावर चिठ्ठ्या चिकटवायचे ती मीच.

ह्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन परवा झालं. डाव्याने तर कधीपासून धुरकट दिसतं. तुला कळवलं नसणार. मलासुद्धा चार दिवस आधी सांगितलं. कोणाचा तरी लोखंडाचा तुकडा बघायचा होता आणि नीट दिसेना, म्हणून म्हणे डॉक्टर गाठला. मला काही अर्थबोध झाला नाही. काल झाला.

काल वाचनालयातले गृहस्थ पाकीट घेऊन दारात आले. ह्यांनी हात पुढे केला, पण पाकीट मी घेतलं. म्हणाले, 'ठेव, नंतर वाचीन.' म्हटलं, 'नंतर कधी? महिनाभर वाचायचं नाही, वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, विसरलात?' मग म्हणाले, 'वाच. पण मोठ्याने वाच, मला ऐकू येत नाही.'

म्हणून मोठ्याने वाचलं. इतक्या मोठ्याने की वरच्या मजल्यावरची बाई खिडकीत आली. 'आईंना यातलं काही सांगू नका' हेसुद्धा खणखणीत वाचलं, आणि वाचून झाल्यावर कळलं काय वाचलं ते.

मला राग आला. खोटं कशाला बोलू? महिनाभर तुमचं डिझेल आणि नट आणि वेल्डर चाललंय, आणि मला एक ओळ नाही? मी काय नुसती तुझ्या नवऱ्याची आई होते?

पाठ केली हे खरं आहे. नळ सोडून मी घासलेलंच पातेलं पुन्हा घासत होते. 'येते' म्हणालीस ते ऐकलं. वळले असते तर तुला जाऊ दिलं नसतं. आणि अडवायचं कशासाठी? तुम्ही दोघं एका खोलीत दोन वेगळ्या बसची वाट बघत बसल्यासारखे राहायचात. रोज बघत होते मी. माझं तोंड तुला दिसू नये एवढंच त्या वेळी सुचलं. तू दोन वर्षं त्याचा असा अर्थ लावला असशील हे काल कळलं, आणि तेव्हापासून जेवण गोड लागत नाही.

लग्न ठरलंय. दहा मे. मुलगी त्याच्या ऑफिसातली आहे, शांत आहे. तुला कळवायला मी तीनदा कागद घेऊन बसले आणि तीनदा फाडला. चूक झाली.

आता ह्यांचा निरोप, सांगतात तसाच लिहिते. हेड उतरव. मिलिंग मशीन असलेल्या कारखान्यात ने. ते तुटलेलं हत्यार तिथे कोरून काढतील. भोक मोठं होईल, होऊ दे. त्यात दहाचे आटे पाडून घे. बाहेरचा नट मात्र आठचाच राहणार. म्हणून असा स्टड हवा की आत दहा, बाहेर आठ. असा बाजारात मिळत नाही, हे स्वतः करणार आहेत. मी विचारलं, 'दहा काय, इंच?' तर पट्टी बांधलेल्या डोळ्यासकट हसले. मिलिमीटर म्हणे. भोकाची खोली मोजून कळव.

पत्र घरच्या पत्त्यावर पाठव. वाचनालयातल्या माणसाला उगाच जिने चढायला लागतात.

आई


१४ मार्च

ती. आई,

तुमचं पत्र मी जिन्यातच उभी राहून वाचलं. घरमालकीण म्हणाली, 'वाईट बातमी का गं?' म्हटलं, 'नाही, चांगली आहे,' आणि तिथेच पायरीवर बसून रडले. ती बिचारी पाणी घेऊन आली आणि त्यानंतर डिझेलच्या वासाबद्दल अवाक्षर काढलेलं नाही.

मला वाटलं होतं तुम्हाला सुटल्यासारखं वाटलं असेल. मी वेळीअवेळी यायचे, बुटांना चिखल, ओट्यावर बाटल्या. तुम्ही कधी बोलला नाहीत, त्यामुळे मनात काय आहे ते कळायचं नाही. विचारायला हवं होतं. तुमच्यासारखाच मीही कागद घेऊन बसले होते, पण मी फाडण्याइतकंही लिहिलं नाही.

बाबांना सांगा, हेड कारखान्यात नेलं. तिथल्या माणसाने तुटलेलं टोक कोरून काढलं, वर 'हे कोणी केलं?' असं विचारून माझ्याकडे असं बघितलं की मी छताकडे बघायला लागले. दहाचे आटे पाडून झालेत. खोली बावीस मिलिमीटर. तीनदा मोजली.

त्याला माझ्या शुभेच्छा सांगा, अगदी मनापासून. सांगाव्याशा वाटल्या नाहीत तर राहू द्या.

बाबांच्या डोळ्यात थेंब कोण घालतं? ते डोळा मिटून घेतात आणि घातले म्हणतात, लक्ष ठेवा.

तुमची,
पाणीवाली


१२ एप्रिल

चि. पाणीवालीस आशीर्वाद.

मोठी अक्षरं मुद्दाम काढलेली नाहीत. नव्या डोळ्याला सगळंच मोठं आणि स्वच्छ दिसतंय. आपल्या भिंती इतक्या मळक्या आहेत हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

सोबत स्टड आहे. माझ्या हाताखाली तयार झालेला एक जण आता स्वतःचा कारखाना चालवतो, त्याच्या लेथवर केला. तुझी आई माझ्याबरोबर आली. तिथे वाकायचं-बिकायचं नाही हे बघायला म्हणून आली आणि चार तास स्टुलावर बसली. छत्तीस वर्षं मी डबा घेऊन घरातून जायचो आणि रिकामा आणायचो, एवढंच तिला माहीत होतं. लोखंडाची साल निघताना बघून म्हणाली, 'अगंबाई, बटाट्यासारखी निघते की!'

तीन वाया गेले, हे सांगायला लाज वाटत नाही. पहिल्याचे आटे चुकले, दुसरा बारीक झाला. तिसरा मला पसंत होता. तिने हातात घेतला आणि म्हणाली, 'ह्या पायरीपाशी ओरखडा आहे, चालतो का?' चालत नाही. दहाचा आठ होतो तिथूनच तुटतो. हा चौथा.

बसवताना आटे आधी साफ कर, थोडं ग्रीस लाव, हाताने जाईल तितका आत घाल. नट पान्याने टेकव आणि पाव फेरा दे, बस. राग आला तर गाडीपासून लांब जा आणि मला पत्र लिही.

लग्नाचं तुझ्यापासून लपवलं, त्याला भित्रेपणाच म्हणतात. तुझं पत्र आलं होतं, ते बंद पडेल असं वाटलं. लग्नाला ये म्हणत नाही, ते तुलाही जड जाईल आणि त्या मुलीलाही. त्यानंतर आम्ही दोघं तुझ्याकडे येऊ म्हणतो. चालेल का?

बाबा


२१ एप्रिल

ती. बाबा आणि आई,

बसला!

रविवारी सकाळी हेड चढवलं. स्टड बोटांनी फिरवत गेले, कुठेही अडला नाही, शेवटपर्यंत गेला आणि थांबला. इतकं नीट काही बसलेलं मी बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं. नट टेकवला, पाव फेरा दिला आणि पाना लगेच पेटीत टाकून झाकण लावलं, माझा मला भरवसा नाही. किक मारली. फटफट नाही. घरमालकीण खाली येऊन म्हणाली, 'झाली का बंद?' तिला आवाजच आला नव्हता.

सोमवारी साहेबांना सांगितलं आणि त्याच दिवशी फिरतीवर निघाले. टेकडीपलीकडच्या वस्तीवर आधी गेले. अकरा आठवडे तिथे कोणी नमुना घेतला नव्हता. विहिरीवरच्या बाईने घागर खाली ठेवली आणि म्हणाली, 'कुठे होतीस तू? पोरांची पोटं बिघडलीत.' नमुना खराब निघाला. दुसऱ्याच दिवशी औषध टाकून घेतलं, तोवर टँकर मागवला. पोरं आता बरी आहेत. माझा राग माझ्यापुरताच होता असं मी धरून चालले होते.

या. नक्की या. खोली एकच आहे आणि खुर्च्या दोन. मी पेटीवर बसेन.

तुमची,
पाणीवाली


२६ मे

चि. पाणीवालीस अनेक आशीर्वाद.

काल सुखरूप पोचलो. ह्यांचे पाय जरा सुजलेत, बाकी ठणठणीत. तुझ्याकडून निघाल्यापासून एकच पालुपद चाललंय, 'टाकीवर हात ठेवला, जरासुद्धा थरथर नाही.' तू गाडी चालू केलीस आणि हे पेट्रोलच्या टाकीवर तळवा टेकवून डोळे मिटून उभे होते, तेव्हा मला वाटलं चक्कर आली. कानाने ऐकू येत नाही तर हाताने ऐकत होते म्हणे.

तिथे मी बोलले नाही ते आता लिहिते. तुझ्याकडे यायला निघालो तेव्हा तोच स्टँडवर सोडायला आला होता. कुठे चाललोय ते मी सांगितलं नव्हतं आणि त्याने विचारलं नव्हतं. बस सुटायच्या वेळी खिडकीशी आला आणि म्हणाला, 'आता नीट चालते का तिची गाडी?' ह्यांना ऐकू गेलं नाही. म्हटलं, 'चालते.' 'बरं झालं,' म्हणाला आणि बस वळेपर्यंत तिथेच उभा होता. तुझ्या शुभेच्छा मी त्याला लग्नाच्या आदल्या दिवशीच सांगितल्या होत्या.

काल घरी आलो तेव्हा तो कामावर होता. दार नव्या सुनेने उघडलं. पिशव्या घेतल्या, पाणी दिलं. मुलगी चांगली आहे, पण अजून मला बिचकते. मीही आता जपून आहे. मनातलं मनात ठेवायचं नाही असं ठरवलंय. तिने विचारलं, 'दोन दिवस कुठे जाऊन आलात, आई?'

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हटलं, 'लेकीकडे.'

ती गोंधळली. म्हणाली, 'तुम्हाला लेक आहे हे मला कोणी सांगितलंच नाही.'

म्हटलं, 'अगं, मलाही उशिराच कळलं.'

आई